युवराज हैबतराव यांनी पीलखान्यात बंड उभा केला, त्याची हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. जो डमरू वाजवितो त्यास नमन, जो ऐकतो त्यास दंडवत, आणि जो शेजारी राहोन निमूट सोसतो त्यास साष्टांग नमस्कार. शके एकोणीसशें पंधरा, श्रीमुखनाम संवत्सरे, आश्विन मासी, नवरात्र बसावयाचे सुमारास जे वर्तमान घडले ते येणेंप्रमाणे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य थोर, गादी जुनी, आणि त्या घराण्याची रीत ऐसी की प्रत्येक युवराजाने विशी उलटण्याचे आत तीर्थरूपांवर बंड करावे, तीर्थरूपांनी ते मोडावे, मग उभयतांनी गळामिठी घालोन तह करावा, आणि युवराजास जहागीर व मानाचा पोशाख द्यावा. खासा महाराजांनी तरुणपणी आपल्या वडिलांच्या भोजनगृहावर तोफ डागिली होती, आणि भिंत पडोन आमटीत चुना गेला, तरी वडिलांनी त्याच आमटीचा भुरका मारोन लेकाची पाठ थोपटिली होती. ऐशा थोर कुळी हैबतराव एकुलते एक पुत्र, वय एकोणीस वर्षांचे, आणि बंडाचे नाव नाही. महाराज नित्य झरोक्यात उभे राहोन वाट पाहत, आणि युवराज खाली अंगणात डोळे मिटोन मान हालवीत बसलेले दिसत.

कारण की युवराजांचे चित्त दुसरेकडे गुंतले होते. मामेबंधू विलायतेहून आले ते कॅसेटींची पेटी घेवोन आले, आणि ती ऐकोन युवराज वेडे जाहले. ‘गंधकी गिधाडे’ म्हणोन एक बँड, ती मूळ गादी. मग त्यांत गवई आणि ढोलकरी यांचे वितुष्ट आले, आणि ढोलकरी फुटोन निघाला, त्याने ‘जळती घुबडे’ स्थापिली. मग घुबडांचा मुख्य वादक विरक्त होवोन मेंढ्या पाळू लागला, आणि त्याचे शिष्यांनी ‘मेंढरांचा सूड’ उभा केला. ही सारी वंशावळी युवराजांस मुखोद्गत, आणि स्वतःचे पणजोबांचे नाव विचारिले तर अडखळत. या सर्वांहून थोर एक काणा जॅस्पर, गिटार वाजविणारांत शिरोमणी, एक डोळा जन्मापासोन मिटलेला, त्याचे पायी युवराजांची ऐसी निष्ठा जडली की तेही एक डोळा मिटोन वाजवू लागले, आणि महालातील आजोबांची तसबीर उतरवोन तेथे काण्या जॅस्परची टांगिली. आईसाहेबांची नजर अधू, त्यांनी नित्याप्रमाणे त्यासच हार घातला आणि “मामंजी अलीकडे फार वाळले हो,” ऐसे बोलोन गेल्या.

मग युवराजांनी दोन सोबती जमविले. एक बाळंभट, राजोपाध्यायांचा चिरंजीव, तो पेटी वाजवी, आणि दुसरा मल्हारी, नगारखान्यातील नगारची, तो ढोल बडवी. राजहत्ती वारल्यापासोन पीलखाना ओस होता, तेथे तिघांनी ठाणे दिले. मंडपवाल्याचा भोंगा आणिला, गिटार त्यास जोडिली, आणि वाजविण्यापेक्षा भांडण अधिक जाहले. बाळंभट बोलिला, “सरकार, घुबडांची पहिली कॅसेट ठीक आहे, परंतु तिसरीची सर तिला नाही.” युवराज संतप्त होवोन बोलिले, “तिसरी? अरे, तिसरीत बासरी आहे! बासरी वाजवितो त्यास घुबड म्हणावे काय?” मल्हारी बोलिला, “भटजी, आधी तुमचा भाता सांभाळा, मग घुबडांचे काढा.” मग नावाचा खल निघाला. युवराजांनी ‘पिसाळलेला ऐरावत’ ऐसे नाव योजिले, त्यावर बाळंभट कानांवर हात ठेवोन बोलिला, “ऐरावत इंद्राचा. तो पिसाळत नाही.” मल्हारी बोलिला, “इंद्राचा नसेल पिसाळत. इथला पिसाळला होता, मी पुढे पळत होतो.” तेव्हा तेच नाव कायम जाहले. ऐकावयास एक शेळी तेवढी तेथे बांधलेली असे, तीही दावे तोडोन गेली, आणि युवराजांचे मनी एकच खंत राहिली की आपले वाजविणे कोणी ऐकावे, आणि विशेषेंकरोन तीर्थरूप आबासाहेबांनी ऐकावे.

त्याच वर्षी धुंडिराजशास्त्री यांच्या सल्ल्याने महाराजांनी भाषाशुद्धीचा हुकूम काढिला होता, की परकी शब्दांवर जो अर्धचंद्र बसतो तो परचक्राची खूण आहे, सबब दरबारात कोणी त्याचा उच्चार करू नये. तेव्हापासोन दरबारी बॅग ती बग जाहली, टॅक्सी ती टक्सी जाहली, आणि मॅनेजर तो मनेजर जाहला. येसू जासूद जिभेने घसरला म्हणोन एकदा उन्हात उभा राहिला होता, तो आता फार जपोन बोले. त्याने पीलखान्यावरोन येता आतील गर्जना ऐकिली, दारावरील पहारेकऱ्यास विचारोन घेतले, आणि धावत दरबारी येवोन मुजरा करोन शुद्ध भाषेत बोलिला, “महाराज, युवराजांनी पीलखान्यात बंड उभा केला! बाळंभट आणि मल्हारी सामील आहेत, आणि भिंती हादरतात!” महाराज गादीवरोन उठले आणि त्यांचे नेत्र भरोन आले. “कारभारी, ऐकिलेत? पोरगे आमच्या रक्ताचे निघाले! केस वाढविले तेव्हा आम्ही नाही नाही ते मनात आणिले होते.” विसाजीपंत कारभारी यांनी मान डोलाविली. मग धुंडिराजशास्त्री बोलिले, “हुजूर, बंड हे नपुंसकलिंगी. ‘बंड उभे केले’ ऐसे पाहिजे. जासूद चुकला.” महाराज बोलिले, “शास्त्रीबुवा, युवराज पुरुष आहेत. त्यांचे बंडही पुरुषच असावयाचे.” यावर सभेने वाहवा केली. मग महाराजांनी सेनापती रायाजीराव यांस हुकूम दिला, “फौज न्या, तोफ न्या, मशाली न्या, आणि बंड मोडा. परंतु लागलीच मोडू नका. पोराचा हिरमोड होईल.”

दिवेलागणीस फौजेने पीलखान्यास वेढा दिला. हैबतरावांनी खिडकीतून पाहिले तो मैदान माणसांनी भरले आहे, आणि मशाली उंच धरिल्या आहेत. ते ओरडले, “बाळंभट, लोक आले! ऐकावयास आले! थोर बँडांचे मैफलीत ऐसेच दिवे उंचावितात, कॅसेटीवर चित्र आहे!” बाळंभट कचरोन बोलिला, “सरकार, यांचे हाती भाले आहेत.” युवराज बोलिले, “जे ज्याचेपाशी ते तो आणितो.” इतक्यात रायाजीराव यांनी बाहेरोन हाक मारिली, “युवराज, बाहेर या!” मल्हारी बोलिला, “घ्या, बोलावणे आले.” मग युवराज गिटार गळ्यात घालोन निघाले, आणि हत्तीवर चढावयाचा ओटा होता त्यावर उभे राहिले, आणि गुरूचे स्मरण करोन एक डोळा मिटिला. ते पाहोन आघाडीचा शिलेदार ओरडला, “निजा रे! नेम धरला!” आणि सारी आघाडी भुईवर पालथी पडली. युवराज हरखोन बोलिले, “मल्हारी, पाहिलेस? लोटांगण घालितात!” मग जो कल्लोळ उठविला तो काय सांगावा. भोंगा किंचाळला, ढोल कडाडला, तोफेचे बैल तोफेसह बाजारपेठेत शिरले, आणि वाड्यावरील झुंबरे वाजू लागली. युवराजांस आयुष्यात इतके सुख कधी ठाऊक नव्हते. मग एकाएकी वीज गेली, आणि भोंगा मुका जाहला.

त्या शांततेत रायाजीराव ढाल पुढे करोन आत आले. “युवराज, शस्त्र खाली ठेवा.” युवराज घाम पुशीत बोलिले, “हे शस्त्र नव्हे, काका. गिटार आहे. शेवटले कसे वाटले?” रायाजीरावांनी चहूकडे पाहिले. “मग बंड कोठे आहे?” युवराज बोलिले, “बंड कसले? हा बँड. आम्ही तिघे.” रायाजीराव ढाल टाकोन मल्हारीच्या ढोलावरच बसले आणि बोलिले, “अरे देवा! आणि हे महाराजांस कोणी सांगावे? ते तिकडे तुमच्या जहागिरीची गावे निवडीत बसले आहेत!”

दुसरे दिवशी दरबार भरण्यापूर्वी विसाजीपंत युवराजांचे महाली आले, आणि हात जोडोन बोलिले, “सरकार, महाराज विचारतील तेव्हा ‘बंड’ म्हणा. जहागीर मिळेल, पोशाख मिळेल, गादी तर ठेविलेलीच आहे. बंडात शस्त्र जमा करावयाची रीत, म्हणोन गिटार तेवढी द्यावी लागेल, आणि पुन्हा धरिता येणार नाही. बँड म्हणाल तर ते वाजंत्र्याचे काम जाहले, आणि वाजंत्र्यास गादी नाही. वरला अर्धचंद्र तेवढा गिळा.” युवराज बोलिले, “पंत, खोटे बोलू?” पंत बोलिले, “खोटे कसले, सरकार? दरबारी उच्चार तोच आहे!” युवराजांनी गिटार मांडीवर ओढोन घेतली. आबासाहेब आनंदाने रडले हे त्यांचे कानी आले होते, आणि आपणाकडे पाहोन आबासाहेब कधी हसल्याचे त्यांस आठवत नव्हते. एका अक्षराने बाप मिळत होता. परंतु गिटारीची तार बोटास लागली की आदल्या सांजेचे मैदान डोळ्यांपुढे उभे राही.

मग दरबार भरला, बाळंभट आणि मल्हारी यांस दाराशी उभे केले, आणि महाराज खासा गादी सोडोन चार पावले पुढे आले, बाहू पसरले, आणि बोलिले, “बोला हैबतराव, काय केलेत?” विसाजीपंतांनी मागोन खूण केली. युवराज खाली पाहत बोलिले, “बँड, आबासाहेब.” सभेत कुजबुज जाहली, आणि शास्त्रीबुवांनी कानांत बोटे घातली. महाराज बोलिले, “घसा बसला असेल. पाणी घ्या, आणि पुन्हा बोला.” युवराज बोलिले, “बँड केला, आबासाहेब. तुम्हांवर माझा राग कधीच नव्हता.” हे ऐकोन महाराजांचे पसरलेले बाहू हळूहळू खाली आले. “कधीच नव्हता? इतक्या वर्षांत एकदाही नाही? आम्ही काय कमी छळिले तुम्हांस?” युवराज बोलिले, “छळिलेत, परंतु मला गाणी होती.” मग युवराजांनी धीर करोन विचारिले, “आबासाहेब, तुम्ही ऐकिलेत काय?” महाराज मान फिरवोन बोलिले, “ऐकिले. वाड्यापावेतो येत होते.” “कसे वाटले?” महाराज दुःखाने बोलिले, “तोफ डागिली ऐसे वाटले.” तो युवराजांचे मुख उजळले, आणि दरबाराची अदब विसरोन ते ओरडले, “बाळंभट! ऐकिलेस? आबासाहेबांस तोफ वाटली! अरे, काण्या जॅस्परसही हे कोणी म्हटले नाही!” हे पाहोन महाराजांची उरलीसुरली आशा सुटली. त्यांनी पुढे येवोन लेकाची मान धरिली, काही पळे तैसीच धरोन ठेविली, आणि मग दरवाजापावेतो नेवोन बाहेर ढकलिले. अर्धचंद्र सोडीना म्हणोन युवराजास अर्धचंद्र मिळाला, ऐसे शास्त्रीबुवा बोलिले, परंतु त्या दिवशी त्यांस कोणी वाहवा केली नाही.

पुढे महाराजांनी पुतणे रघोजीराव यांस दत्तक घेतले. त्यांस गाण्याबजावण्याचा नाद नाही. त्यांनी वर्ष उलटण्याचे आत रीतसर बंड केले, ते कोणास मोडता आले नाही, आणि महाराजांस गडावर कैदेत ठेविले. महाराज भेटीस येईल त्यास अभिमानाने रघोजीरावांचे गुण सांगतात आणि अंधारकोठडीत बहुत संतोषाने राहतात. हैबतराव बाळंभट आणि मल्हारी यांसह गावोगाव वाजवीत फिरतात, आणि त्या दिवशी पालथे पडलेले काही शिलेदार चाकरी सोडोन त्यांचे मागे भोंगा वाहतात. मागल्या शिमग्यास त्यांनी गडाचे पायथ्याशी वाजविले. किल्लेदार सांगतो की महाराजांनी प्रथम खिडकी लावोन घेतली, आणि मग पहारेकऱ्यास विचारिले की हे आणखी किती वेळ चालेल. पहारेकरी बोलिला, “पहाट होईल, महाराज.” तेव्हा महाराजांनी खिडकीपाशी घोंगडी आणावयास सांगितली.

येणेंप्रमाणे पिसाळलेल्या ऐरावताचे प्रकरण समाप्त जाहले. गादी ज्यास पाहिजे त्यास मिळाली, आणि ज्याने ती दवडिली तो आजवर कधी तिची चौकशी करीत नाही.