भिवाकाकांचा फुसका बार

असल्फ्याच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत दिवाळीला सुतळी बॉम्ब फुटला, पत्र्यावरची धूळ खाली आली, तान्ही पोरं दचकून रडायला लागली, की तीन नंबरच्या खोलीतून भिवाकाका डोकं बाहेर काढत आणि निकाल देत, "फुसको!"

निकाल एवढाच, आणि त्यावर अपील नाही. फटाके फुसके, बसचा हॉर्न फुसका, शेजारच्या घरातला रेडिओ फुसका. "हल्लीची माणसांव पुटपुटतत," असंही ते म्हणत, आणि हे वाक्य खालच्या रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणत. आम्हाला त्याचं नवल वाटत नव्हतं. काकांची सारी उमर गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या गडगडाटात गेलेली. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात आणि घरी आली तरी ओरडतातच. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, तेव्हा मीच त्यांना साकीनाक्याला आमच्या कारखान्यात वॉचमन म्हणून चिकटवलं. गेटवरची बेल त्यांना पसंत पडेना. मालकाने ती माझ्याकडून तीनदा बदलून घेतली. तिन्ही फुसक्या.

पण काकांचं खरं वेड म्हणजे बंदुकीची दारू. मालवणकडच्या त्यांच्या गावी घरात ठासणीची जुनी बंदूक होती. परवाना काकांच्या नावावर, शेतात येणाऱ्या रानडुकरांसाठी. डुकरांना मात्र तिने कधी त्रास दिल्याचं ऐकिवात नाही. तिचं काम वर्षातून एकदा, शिमग्याला. देवाची पालखी दारात आली की सलामीचा बार काढायचा मान काकांच्या, म्हणजे परबांच्या घराचा. काकांच्या वडिलांचा बार म्हणे खाडीपलीकडच्या गावात ऐकू जाई, आणि तिथली माणसं हातातली कामं टाकून उठून हात जोडत.

"बापाशीसारखो बार एकदा ह्या कानान आयकलंय ना, की बंदूक पुतण्याच्या हातात देतलंय," काका म्हणत. "पण दारूच फुसकी होता रे! दरवर्सा आवाज कमी."

दोष कोळशाचा, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाकीच्या वस्तू तालुक्याला मिळत आणि मिसळण्याचं काम गावीच, गोठ्यामागे होई. ते कसं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, मला जीव प्यारा आहे. मुंबईत फक्त कोळसा होई. तरीही 'दारू' हे नाव ऐकल्यापासून आमच्या आईने त्यांच्या भिंतीलगतचा स्टोव्ह उचलून मोरीपाशी नेला होता.

दरवर्षी नवं झाड. एका वर्षी शेवगा, पुढच्या वर्षी पांगारा, मग कुणीतरी सांगितलं म्हणून भेंडी, भाजीची नव्हे, खाडीकाठच्या झाडाची. रविवार आला की काका कोयता घेऊन दारात हजर. "चल रे घाट्या!" मी साताऱ्याचा, म्हणून घाट्या. एकदा आम्ही वर्सोव्याहून तरीने मढला गेलो आणि फांद्यांचा भारा घेऊन परत आलो, तर धक्क्यावरची एक कोळीण कळवळून म्हणाली, "कोन गेला रं तुमचा?" काका तिच्या तोंडाकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "अजून कोण नाय."

कोळसा झाला की ते तो मनगटावर घासून बघत, हुंगत, आणि काळ्या हाताने काकींपुढे धरत. काकी शांत बाई. नवऱ्याशी बोलायचं तर हातातलं काम ठेवून त्यांच्या समोर येत, तोंडावरचा पदर बाजूला करत आणि मगच बोलत. मला ती नवऱ्याबद्दलची अदब वाटे. आमच्या घरात आई पाठमोरीच बोलायची, आणि बरंच काही बोलायची.

त्या वर्षी काकांनी मला शिमग्याला गावी नेलं. "यंदाचो कोळसो झकास झालो हा. साक्षीदार होयो."

पालखी आली. ढोल थांबले. काकांनी बंदूक ठासली, खांद्याला लावली, नळी खाडीच्या वरच्या आकाशाकडे केली.

बार निघाला, आणि मी खालीच बसलो. माझ्या कानांत घंटा वाजायला लागल्या. माडांवरचे कावळे एकदम उठले. फळीवरचा तांब्या गडगडत अंगणात आला, कुत्रं तुळशीमागे गेलं, कुणाच्या तरी कडेवरचं पोर किंचाळायला लागलं. आणि थोड्या वेळाने खाडीपलीकडून माणसांचा हाकारा आला. मी खुशीत ओरडणारच होतो, की काका, जिंकलात!

काका धुरात उभे होते. बंदूक खाली करून ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेच्या निकालाचा कागद लागल्यावर पोरं आपलं नाव शोधतात तसे.

काकी गर्दीतून पुढे आल्या. त्यांच्या समोर उभ्या राहिल्या, पदर बाजूला केला आणि सावकाश म्हणाल्या, "फुसको गेलो."

"अहो काकी, काय बोलताय, केवढा..." मी म्हणालो. पुतण्याने माझं मनगट असं दाबलं की मी गप्प झालो. मग तो म्हणाला, "होय, फुसकोच." भोई म्हणाले, फुसको. गुरव म्हणाला, फुसको. किंचाळणाऱ्या पोराची आईसुद्धा म्हणाली.

संध्याकाळी चुलीपाशी काकींनी मला सांगितलं. "साच्यांनी कान खाल्ले रे त्यांचे. दरवर्सा थोडे थोडे. दारू फुसकी म्हटला की फुडल्या वर्साची आशा रवता. कान गेले म्हटला तर काय रवतला?" त्या रडल्या नाहीत. मी मात्र धुराचं निमित्त करून डोळे पुसले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मला हे कळू नये? गेटवरची बेल तर मीच तीनदा बदलून आणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका विहिरीवर आंघोळीला बसले होते. मी पाणी शेंदत होतो. त्यांनी सदरा काढला आणि माझ्या हातातला पोहरा तसाच राहिला. उजवा खांदा काळानिळा पडला होता.

काकांनी माझी नजर पाहिली. घराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग इतक्या हळू बोलले, की त्यांना असा आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं.

"फुसको बार अशी लाथ मारता काय रे?"

मी मान हलवली.

"पाच वर्सा लाथ तीच आसा. आवाज तेवढो कमी होत गेलो. काल तर आयकाकच येवक नाय."

"मग काकींना..." मी त्यांच्या समोर जाऊन म्हणालो.

"तिका सांगा नको." त्यांनी खांद्यावर पंचा ओढला. "तिका वाटता, ह्याका कळाक नाय. वाटांदे. माका दुख्ख होवचा नाय म्हणून बिचारी सगळ्या गावाक खोटा बोलाक लावता. मी बंदूक सोडलंय तर तिका कळतला ना?"

तर बंदूक काही पुतण्याच्या हातात गेली नाही. असल्फ्याला परत आल्यावर पहिल्याच रविवारी काका कोयता घेऊन दारात उभे. "चल रे घाट्या! दिंडोशीकडे सावरीचा झाड आसा म्हणतत!"

काकी बाहेर आल्या. त्यांच्या समोर उभ्या राहिल्या, पदर बाजूला केला. "यंदा तरी कोळसो बरो करा."

"करतंय!" काका ओरडले. सगळ्या चाळीला ऐकू गेलं.

मी पोतं उचललं आणि पुढे चालायला लागलो. त्या दोघांपैकी कुणाच्याच तोंडाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.