वेंडेल हास्कॅम्प आणि जांभळ्या पुल्या

"प्लास्टिक दोनच ठिकाणी शोभतं, पोरी! सहलीच्या ताटलीत आणि बाळाच्या खुळखुळ्यात!"

वेंडेल हास्कॅम्प यांनी मिशिगनमधल्या एका मोटारींच्या कारखान्यात चाळीस वर्षं धातू कातायचं लेथ यंत्र चालवलं होतं. निवृत्तीनंतर ते गावच्या हायस्कूलच्या रोबो-संघाला शिकवायला जात. हे त्यांनी सुनावलं संघाची कप्तान टॅबिथा हिला. रोबोचा हात वर ओढणाऱ्या दातेरी पट्ट्यासाठी तिने शाळेच्या थ्रीडी प्रिंटरवर सहा पुल्या छापल्या होत्या. त्याही भडक जांभळ्या!

"मिस्टर हास्कॅम्प, हलक्या आहेत."

"हलक्याच आहेत! हलक्या दर्जाच्या!"

तीन दिवस गॅरेजमध्ये बसून त्यांनी ॲल्युमिनियमच्या सहा पुल्या घडवल्या, घासूनपुसून चकचकीत केल्या आणि रोबोला बसवल्या. त्यांची बायको आर्लीन दारातूनच म्हणाली, "लग्नाच्या अंगठीला कधी एवढं घासलं नाहीत!"

स्पर्धेच्या दिवशी रोबो काट्यावर चढला आणि तपासनिसांनी मान हलवली.

"एक पौंड जास्त. पस्तीस मिनिटांत उतरवा, नाहीतर घरी जा."

हा सामना जिंकला तरच राज्य स्पर्धा! टॅबिथाने गुपचूप जांभळ्या पुल्यांची पिशवी काढली.

"ठेव ती आत!" वेंडेल गरजले आणि त्यांनी रोबोचं पथ्यपाणी सुरू केलं. शाळेच्या नावाची पाटी काढली. बाजूचे पत्रे काढले. उरलेल्या पत्र्यांना इतकी भोकं पाडली की रोबोवर खोबरं किसता आलं असतं! तरी पाव पौंड जास्तच.

"आता काय, उपास घालायचा त्याला?" टॅबिथाने विचारलं.

पंधरा मिनिटं उरली. वेंडेलनी सुस्कारा सोडून पिशवी घेतली. "पण बसवणार मीच!" म्हणत पहिल्या पुलीचा स्क्रू त्यांनी लोखंडाला आवळावा तसा आवळला.

कट्ट!

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"ती तुटली नाही. तुम्ही तोडलीत."

टॅबिथाने खिशातून दोन पुल्या काढल्या. "जास्तीच्या छापल्या होत्या. तुमच्यासाठीच." आणि रांगत्या पोराच्या हातून कात्री काढून घ्यावी तसा त्यांच्या हातातला पाना तिने अलगद काढून घेतला.

पुल्या बसल्या, वजनही बसलं आणि सामना सुरू झाला. वेंडेल प्रेक्षकांत आर्लीनचं मनगट धरून बसले. रोबोचा हात वर गेला की यांचे डोळे मिटत.

"तुटली?"

"नाही."

"आता?"

"वेंडेल, त्याआधी माझा हात तुटेल!"

पुल्या शेवटपर्यंत टिकल्या. संघ चार गुणांनी जिंकला! पोरं नाचत होती, तेवढ्यात एक परीक्षक वही घेऊन आले.

"प्लास्टिकच्या पुल्या कोणाची कल्पना?"

टॅबिथा बोलणार, तोच वेंडेल पुढे सरसावले. "चाळीस वर्षांचा अनुभव आहे साहेब! प्लास्टिक चांगलं असतं, फक्त ते आतून भरीव हवं. आमच्या पुल्या दगडासारख्या भरीव!"

"अं... आतून पोकळ आहेत," टॅबिथा हळूच म्हणाली. "जाळीदार. वजन वाचावं म्हणून."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि हसू दाबत पुढच्या संघाकडे गेले.

वेंडेल टॅबिथाकडे वळले. "पोकळ? मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर बसवू दिल्या असत्यात?"

वेंडेलनी खूप विचार केला.

"नसत्या."

"म्हणूनच!"