विहिरीच्या डाव्या हाताचा घेवडा

शेती करायला लागतं काय हो? जमीन, बी, पाणी आणि माझ्यासारखा विचार करून काम करणारा माणूस! छापखान्यातली नोकरी सुटली त्या दिवशी मी बायकोला हे ठणकावून सांगितलं.

"यातलं आपल्याकडे काय आहे?" तिनं विचारलं.

"माणूस!"

बाकीचं जमवलं. एका निवृत्त नर्सबाईंनी आपली जमीन आम्हाला खंडानं दिली. बाई राहायच्या दूर. फोनवरच म्हणाल्या, "विहिरीच्या डाव्या हाताचा तुकडा तुमचा." गाठीला होतं ते सगळं घेवड्याच्या बियाण्यात घातलं. मजूर लावायची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही दोघांनीच खणलं, दगड वेचले, पेरलं. माझी पाठ घडीच्या खुर्चीसारखी झाली. मिटली की उघडायला दुसरा माणूस लागायचा! पण घेवडा असा तरारला, की मी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवू लागलो.

एका सकाळी शेतात एक म्हातारे काका काठी टेकून चक्क रडत उभे! मी धावलो.

"काय झालं काका?"

"अहो, हे माझं शेत!"

मी विहिरीकडे वळून पाहिलं आणि घोळ लक्षात आला. नर्सबाई यायच्या वरच्या रस्त्यानं, मी खालच्या. त्यांचा डावा हात म्हणजे माझा उजवा! माझा खरा तुकडा विहिरीपलीकडे गवत पांघरून निवांत पडला होता.

मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन झालं, लेकीकडे होतो. वाटलं, यंदा शेत पडीक राहणार. आणि आमच्या धाकट्या भावानं बघा! हेच शेत विकू म्हणायचा, त्यावरून बोलणं तुटलं आमचं. आणि आता एका शब्दानं न सांगता पेरून ठेवलं! तुम्ही पाहिलं असेल ना त्याला राबताना?"

"राबताना पाहिलं हो," बायको म्हणाली. खोटं नव्हतं. मला पाहिलं होतं!

काका डोळे पुसत गावाकडे निघाले.

"अगं, आपलं सगळं बियाणं आहे त्यात!" मी कुजबुजलो.

"मग जा, सांगा त्यांना."

मी गेलो की काकांच्या मागोमाग! पण धाकट्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात पोचलो तेव्हा काकांनी त्यांना घट्ट मिठी मारली होती. धाकटे ग्रीसचे हात वर धरून, पोलिसांनी पकडल्यासारखे उभे. कशाबद्दल मिठी, याचा चेहऱ्यावर पत्ता नाही! तरी तोंडातून हळूच निघालं, "दादा..." आणि मग तेही रडायला लागले. आता यात मी घेवडा कुठून काढू? कोणीतरी चहा दिला, तो पिऊन परत आलो.

संध्याकाळी धाकटे आमच्या दारात.

"घेवडा तुमचा ना?"

"हो."

"मला घेवडा ताटात आला तरच ओळखू येतो हो! पण दादा उद्यापासून जेवायला माझ्याकडे येणार आहे." ते चप्पल अंगठ्यानं उगीच सरळ करत राहिले. "तुम्ही बोललात तर..."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "नवं बियाणं तुम्ही द्या. आणि गवत काढायला या."

माणूस शब्दाचा पक्का! बियाणं आणलं, दुकान बंद करून स्वतःही आला. खुरपं पान्यासारखं धरायचा. प्रत्येक गवताची काडी जणू घट्ट बसलेला नट! उशीर झाला होता खरा, पण आम्ही तिघांनी मिळून पेरणी उरकली.

तेवढ्यात काका बांधावर आले. आमच्या ओळींवरून नजर फिरवली आणि मान हलवली.

"ओळी फार वाकड्या हो तुमच्या! पलीकडे बघा जरा, आमच्या धाकट्याच्या हातचं काम. तो इतकं शिकवतोय, तर नीट शिकून घ्या."

धाकटे खाली बघत होते. मग त्यांनाही जरा चेव आला. "हां," ते म्हणाले, "काही अडलं तर मला विचारायचं! लाजायचं नाही!"

बायको तोंडाला पदर लावून पाठमोरी झाली.

"विचारतो," मी म्हणालो.