बाईंनी मुलगी मागितली

पालकांशी कसं बोलावं, हे मला कुणी शिकवायला नको! उभं आयुष्य शाळेत गेलं माझं. आजकालच्या तरुण शिक्षिका मोबाइलवर निरोप टाकतात आणि अंगठे यायची वाट बघत बसतात. आम्ही घरी जायचो. समोर बसायचो. चहा प्यायचो. आणि स्पष्ट बोलायचो!

मी बाताक जमातीची, तोबा सरोवराकाठची. आमच्याकडे दोन माणसं हवापाण्याबद्दल बोलायला लागली, तरी परक्याला वाटतं आता कोयते निघणार. आणि माझी पहिली नेमणूक झाली कुठे? थेट समुद्रापलीकडे जावा बेटावर, वोनोगिरीकडच्या एका गावात! तिथली माणसं इतकं हळू बोलत, की कोंबडीसुद्धा अंडं घातल्यावर ओरडायच्या आधी इकडेतिकडे बघून घ्यायची.

माझ्या वर्गात लेगिना नावाची मुलगी होती. फळ्यावर मी गणित चुकले, की हिचा हात वर! सहावी संपली, आणि तिचे वडील पाक कार्यो तिला घरी बसवणार, थोरल्या बहिणीसारखं, वागियेमसारखं, कसावाचे कंद सोलायला, असं कानावर आलं. तालुक्याच्या मोठ्या शाळेतले प्रवेश सोमवारी बंद होणार होते.

"बाई, तुम्ही सांगा ना बाबांना," लेगिना म्हणाली. डोळे भरलेले.

"सांगते म्हणजे? तुझं नाव लागलंच समज!"

आमचे मुख्याध्यापक घाबरले. "बाई, जरा आडून बोला हं. आधी पावसाचं काढा, मग भातपिकाचं, मग हळूच..."

"तोवर तिला नातवंडं होतील, सर!"

सोबत त्रिमान गुरुजींना घेतलं. तरुण, सडपातळ, अविवाहित. कडक इस्त्रीचा माणूस. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून बाजारातून राजेळी केळ्यांच्या दोन देखण्या फण्या घेतल्या आणि एकीला एक जोडून लाल फितीनं बांधल्या. केळीवाली गालातल्या गालात हसली. मला वाटलं, गिऱ्हाईक आवडलं! गुरुजी केळी बघून लालबुंद झाले. मला वाटलं, ऊन लागलं!

पाक कार्योंच्या ओसरीवर बसल्याबसल्या मी मुद्द्यावर आले.

"पाक कार्यो, मी मुलगी मागायला आलेय!"

आत कपबशी फुटली. पाक कार्योंनी केळ्यांकडे पाहिलं. मग गुरुजींकडे.

"तालुक्याला फार चांगली जागा आहे," मी सांगितलं. "खाण्यापिण्याचं, राहण्याचं मी बघते. फक्त सोमवारपर्यंत उरकायला हवं!"

"इतकी घाई, बाई?"

"उशीर केलात तर जागा दुसरी कुणी पटकावेल!"

"माणसं कशी आहेत तिथली?"

"कडक, पण मायाळू. पहिले काही दिवस रडेल, मग रुळेल."

पाक कार्योंनी गुरुजींना पुन्हा एकदा आपादमस्तक न्याहाळलं. मग मान झुकवून म्हणाले, "इंग्गिह."

म्हणजे हो! जावातल्या 'हो'चा अर्थ पुष्कळदा 'ऐकू आलं' एवढाच असतो, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशीचा 'हो' खराखुरा होता. फक्त दुसऱ्याच प्रश्नाला!

रविवारी सकाळी शाळेच्या अंगणात अर्धा गाव उतरला. चिकटभाताच्या गोड वड्यांची तबकं, उकडलेल्या कोंबड्या, नटलेल्या मावश्या. पुढे पाक कार्यो, पाठीमागे कमरेला समारंभाची कट्यार खोचून.

"बाई, आमची वागियेम तुमच्या गुरुजींना दिली."

"वागियेम?" मी ओरडले. झाडावरचे पक्षी उडाले. "मी लेगिना मागितली होती!"

"अगं बाई, ती तर लहान पोर!" एक मावशी मटकन खालीच बसली.

"शाळेसाठी हो! शाळेसाठी!"

"मग जोडीची केळी कशाला आणलीत?" मावशी म्हणाली. "आमच्यात ती मागणी घालायला नेतात!"

तबकाआडून वागियेमचा आवाज आला, "सुटले बाई! चढावर या काटकुळ्या गुरुजींची सायकल ढकलायची कुणी? मीच ना?"

गुरुजींची इस्त्रीच मोडली! खुळा माणूस केळी बघितल्यापासून मनात मांडे खात होता.

पण पाक कार्यो पांढरे पडले होते. "गावभर सांगून बसलो, मुलगी दिली म्हणून. आता कुठल्या तोंडानं परत नेऊ?"

लेगिना माझ्याकडे बघत होती. हा माणूस मान खाली घालून घरी गेला, तर तिला पुन्हा उंबऱ्याबाहेर सोडणार नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी हळू आवाजात बोलले.

"परत कशाला न्यायची? दिली म्हणालात ना? मग शब्द तोच ठेवा. मुलगी तेवढी बदला."

कुजबूज झाली. पाक कार्योंच्या म्हाताऱ्या काकांनी मान डोलावली. पाक कार्यो सावकाश म्हणाले, "इंग्गिह. पण बाई, द्यायची तर रीतीनंच देणार. गाव बघतंय."

सोमवारी सगळी वरात तालुक्याच्या शाळेवर! तिथल्या मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्यावी, म्हणून मी गुरुजींना सायकलवरून पुढे पिटाळलं होतं. फाटकाशी काका पुढे झाले. शेजारी वागियेम नटूनथटून तबक घेऊन, आणि मावश्यांच्या घोळक्यात लेगिना पार दिसेनाशी.

"आमची वेडीबागडी पोर आपल्या पायाशी आणली आहे," काका हात जोडून म्हणाले. "पदरात घ्यावी."

मुख्याध्यापकांनी मला खांबाआड ओढलं. घामानं निथळत होते बिचारे.

"बाई, तुमचे गुरुजी सांगून गेले, मुलगी घेऊन येताहेत, नाही म्हणू नका. पण माझं लग्न झालंय हो! बायको इथंच शिकवते, खिडकीतून बघतेय!"

लेगिनाला पुढे ओढून मी तिचं नाव तिथल्या तिथे नोंदवून घेतलं. मग त्यांच्या बायकोची समजूत घालायला, अर्थातच, मीच आत गेले. स्पष्ट बोलले. सगळं अगदी पहिल्यापासून सांगितलं: मुलगी मीच मागितली, घरच्यांनी रीतसर दिली, आणि तुमच्या यांनी आता ठेवून घेतली!

त्या नवराबायकोत पुढे कितीतरी दिवस अबोला होता म्हणतात. का, ते मला आजही कळलेलं नाही!