भंगाराला दोन सह्या

फ्रिजच्या डाव्या अंगावर, जमिनीपासून दीडेक हात उंचीवर, एक आडवी रेघ होती. सुनेची खुर्ची मागे सरकली की खुर्चीचा हात बरोबर तिथे घासायचा. सुरुवातीला नुसता रंगाचा टवका उडाला होता. आता नख फिरवलं तर खाच लागायची. खोली लहान, टेबल मोठं, आणि टेबलाला खेटून हा आकाशी रंगाचा फ्रिज. तो बंद होता. थंड करत नव्हता, दिवा लावत नव्हता, गुरगुरतही नव्हता. रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा नुसता जागा अडवून होता.

"कॉम्प्रेसर उत्तम आहे," सासरे म्हणायचे, आणि विषय तिथे संपायचा.

सासऱ्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. फ्रिज त्यांनी घेतला होता, रंग सासूबाईंनी निवडला होता. सासूबाई गेल्या त्याच उन्हाळ्यात फ्रिजही बंद पडला. तेव्हापासून तो काढायचा विषय रविवारच्या चहाबरोबर निघायचा आणि कपबशांबरोबर आत जायचा. "तू बोल ना," नवरा म्हणायचा. "तुझे बाबा आहेत, तू बोल," सून म्हणायची. आणि दोघंही बोलायचे नाहीत.

सून या खोलीत व्हिडिओ एडिटिंग करायची. लोकांनी तासन्‌तास काढलेलं चित्रण कापून, जोडून, चारचौघांना बघवेल असं करायचं, हे तिचं काम. या वेळचं काम पोहण्याच्या क्लबचं होतं. तिथले सर निवृत्त होत होते आणि संध्याकाळी त्यांच्या निरोपाला फिल्म दाखवायची होती. ती आवडली तर क्लबच्या वर्षभराच्या सगळ्या स्पर्धांचं काम तिलाच मिळणार होतं. बिघडली तर पुन्हा वाढदिवस आणि बारशांच्या केकवर कॅमेरा फिरवणं होतंच.

सरांबद्दल क्लबात एक गोष्ट प्रसिद्ध होती: ते हसत नाहीत. दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली तरंगायला शिकल्या, पण सरांचे दात कुणी पाहिले नव्हते. सुनेने मात्र पाहिले होते. तिने एक कॅमेरा काठावर ठेवला होता आणि दुसरा पाण्याखाली. एका चिमुरडीने पहिल्यांदाच काठ सोडला आणि ती हातपाय मारत सरांपर्यंत आली. वर सरांचा चेहरा दगडासारखा. मग त्यांनी बुडी मारली आणि पाण्याखाली, कुणी बघत नाही अशा समजुतीने, तोंडभर हसले. बुडबुड्यांसकट. सगळी फिल्म तिने त्या हसण्यापाशी आणून सोडली होती.

सकाळी तिने काम उघडलं तर पडदा लालभडक. "मीडिया सापडत नाही."

पण तिने घाई केली नाही. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ चित्रण नसतंच. असतो फक्त त्याचा पत्ता. चित्रणाने घर बदललं की सॉफ्टवेअर जुन्या दारावर थाप मारत बसतं. नवीन पत्ता दिला की गाडं सुरळीत. तिने "शोधा" हे बटण दाबलं. सॉफ्टवेअरने क्षणभर विचार केला, आणि लाल रंग गेला. सगळं सापडलं!

तिने सुटकेचा श्वास टाकून शेवट लावून पाहिला. व्हायोलिनचे सूर चढत गेले. चिमुरडीने काठ सोडला. आणि सरांच्या हसण्याच्या जागी क्लबच्या अध्यक्षांनी जांभई दिली. स्लो मोशनमध्ये. पडजिभेपर्यंत.

सुनेने फिल्म मागे नेली. जिथे पोरं माशांसारखी सुळकन जायची तिथे आता ओल्या टॉवेलांची रांग होती. जिथे सर बुडणाऱ्याचा हात धरायचे तिथे कुणीतरी केळं सोलत होतं. पाण्याखालचा एकही तुकडा शिल्लक नव्हता.

नेमका फोन वाजला. क्लबच्या सेक्रेटरी बाई.

"होतंय ना गं वेळेत? आणि ऐक, अध्यक्ष सारखे विचारतायत, त्यांचं कितपत आहे म्हणून."

"आहे की," सून पडद्याकडे बघत म्हणाली. "आज सकाळपासून बरंच आहे."

फोन ठेवून तिने डिस्क धुंडाळली. काठावरच्या कॅमेऱ्याचा फोल्डर जागेवर होता. पाण्यातल्या कॅमेऱ्याचा नव्हता. कॅमेऱ्याची कार्डं पुसून झाली होती. प्रत्येक कामाची दुसरी प्रत ठेवायची तिची शिस्त होती. पण डिस्क भरत आली म्हणून या एकाच कामापुरती ती शिस्त तिने उद्यावर ढकलली होती.

"बाबा!"

सासरे दारातच उभे होते, शाबासकी घ्यायला आल्यासारखे. "झाली ना जागा? काल तूच म्हणालीस, डिस्क भरली. म्हटलं बघावं. अगं, काय तो पसारा! एकेक वस्तू दोनदोनदा. शून्य-शून्य-एक दोनदा, शून्य-शून्य-दोन दोनदा. एक संच बाजूला काढला. निम्मी जागा मोकळी!"

नोकरीच्या शेवटी स्टोअरचा साठा कॉम्प्युटरवर आला होता, तेव्हा सासरे फाइली हलवायला शिकले होते. शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा बाणा.

"बाबा, ती एकच वस्तू नाहीये. दोन कॅमेरे आहेत. एकाच कंपनीचे. दोघंही एकपासून मोजतात."

"मग एकाने हजारपासून मोजायला नको? आमच्याकडे एका नंबरावर दोन माल सापडले असते तर साहेबांनी मला उभा सोलला असता."

फाइलींना वेगळी नावं द्यायची हेही तिने उद्यावरच ढकललं होतं. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने त्या नंबरची जी फाइल मिळाली ती प्रामाणिकपणे आणून जोडली होती.

तिने श्वास रोखून विचारलं, "पुसलंत?"

"पुसलं? मी?" सासरे दुखावले. "भंगारात काढायचं तर दोन सह्या लागतात. एक स्टोअरवाल्याची, एक ज्याचा माल त्याची. तुझी सही झालीये का?"

"नाही."

"मग! तुझ्या त्या जुन्या डिस्कवर हलवलं आणि डिस्क ठेवली नीट. कॉम्प्युटरचं सामान थंड जागी ठेवावं म्हणतात." त्यांची नजर हळूच फ्रिजकडे गेली.

"बंद फ्रिजमध्ये कसला आलाय थंडावा, बाबा?"

"दाराचं रबर उत्तम आहे."

काखेत कळसा म्हणतात तो हा. सुनेने हात लांब केला आणि फ्रिजचं दार ओढलं. दार हललं नाही.

"काल उघडंच होतं," सासरे म्हणाले. "मी जरा ढकललं, तर खट्‌कन बसलं. जुनं कुलूप, आपोआप लागतं. आताच्या फ्रिजना आहे का असं?"

"किल्ली?"

"तुझ्या नवऱ्याकडे."

नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. तिसऱ्या खेपेला त्याने फोन उचलला. मागे वर्गाचा कल्ला चालला होता.

"फ्रिजची किल्ली? ती जुडग्यातून कधीच काढली. पँटचा खिसा फाटत होता."

"कुठे ठेवलीस?"

"सुरक्षित ठेवलीये गं."

"कुठे, ते सांग."

नवऱ्याने आवाज खाली आणला. "माझे पेपरांचे गठ्ठे ठेवले ना, त्यांच्यावर. म्हणजे... फ्रिजमध्ये."

सुनेने फोन ठेवला. वस्तू सुरक्षित ठेवण्यात बापलेक सारखेच पटाईत, हे तिला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

किल्ल्या बनवणारा म्हणाला, संध्याकाळी येतो. सेक्रेटरी बाईंचा पुन्हा फोन आला. तो सुनेने उचललाच नाही. तिने टेबलाच्या खणातून पेचकस काढला, दाराच्या वरच्या बिजागरीकडे पाहिलं आणि थांबली. अख्खी फिल्म त्या दारामागे होती. पण दार सासूबाईंच्या रंगाचं होतं.

"बाबा, राहू दे. मी सेक्रेटरी बाईंना सांगते, सरांच्या हसण्याशिवाय..."

"आण इकडे," सासऱ्यांनी तिच्या हातातून पेचकस घेतला. "तू पुढून धर. दार सुटलं की अंगावर येईल."

दोघांनी फ्रिज तिरका केला. सासऱ्यांनी एकेक स्क्रू काढला आणि ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने वाटीत मांडला. मध्येच एकदा ते थांबले, चष्मा पुसला, "गंजलेत जरा," म्हणाले. स्क्रू अजिबात गंजले नव्हते.

दार सुटलं. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, त्यांच्यावर ऐटीत पहुडलेली किल्ली आणि खालच्या कप्प्यात रुमालात गुंडाळलेली डिस्क. मागे तापमानाचं बटण तीन आणि चारच्या मध्ये होतं.

"तिने लावलेलं," सासरे म्हणाले. "चारवर दूध गोठतं आणि तीनवर नासतं, असं म्हणायची."

सुनेने डिस्क जोडली. या वेळी तिने सॉफ्टवेअरच्या प्रामाणिकपणावर विसंबून न राहता पाण्याखालच्या एकेका तुकड्याला हाताने त्याचा पत्ता दाखवला. टॉवेल गेले, केळं गेलं, अध्यक्षांची जांभई आपल्या घरी परतली. व्हायोलिन चढलं. चिमुरडीने काठ सोडला, सरांनी बुडी मारली, आणि पाण्याखाली ते हसले.

सासरे खुर्चीमागे उभे होते. "हे मी बाजूला काढलं होतं?" ते पुटपुटले. "पुन्हा लाव बघू."

तिने पुन्हा लावलं. मग फिल्म पाठवली आणि डोळे मिटून बसून राहिली. बऱ्याच वेळाने सेक्रेटरी बाईंचा फोन आला.

"अगं, सर हसतात! आम्ही सगळे रडलो बघ. स्पर्धांचं उद्याच येऊन बोल. फक्त... अध्यक्ष म्हणतायत त्यांचं जरा कमीच वाटतंय."

"कमी आहे," सून म्हणाली. "पण आहे तेवढं जागेपणीचं आहे, असं सांगा त्यांना."

फोन ठेवताना ती खुर्ची मागे सरकवून उठली. नेहमीचा खर्रकन आवाज आला नाही. फ्रिज तिरका होता, मध्ये हातभर जागा झाली होती. तिला ते एकदम कसंतरीच वाटलं. दार भिंतीला टेकवलेलं होतं आणि सासरे स्क्रूंची वाटी घेऊन त्याच्यासमोर उभे होते.

"बाबा, बसवू या दार परत," ती म्हणाली. "मी धरते. कॉम्प्रेसर तर उत्तम आहे ना."

"कॉम्प्रेसर?" सासऱ्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "अगं, सगळ्यांत आधी कॉम्प्रेसरच गेला."

त्यांनी आत हात घातला आणि तीन-चारच्या मधलं ते बटण हळूच फिरवून शून्यावर आणलं.

"काढ हा भंगारात," ते म्हणाले. "माझी सही झाली. आता तुझी."