हिराजीची कापडी जास्वंद

हिराजी टेलर कापडाचं फूल शिवतो आणि ते खऱ्या झाडावर नेऊन बांधतो. मग समोर स्टूल टाकून बसतो. फुलपाखरू येऊन टेकलं तर फूल पास. नुसती घिरटी घालून गेलं तर नापास. नापास फूल तिथल्या तिथे उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. एक म्हातारा आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडात जास्वंदीसमोर बसून फुलपाखराला "ये की गो, ये की," म्हणतोय, हे बघून नवे भाडेकरू घाबरायचे. वॉचमन त्यांना सांगायचा, "काही नाही साहेब, परीक्षा चालू आहे."

हा माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, मथुरेचा, थोरला भाऊ. पण त्याच्या आधीपासून माझा दोस्त. आम्ही दोघं एकाच वर्षी चौथीत नापास झालो. मी शाळा सोडली, मिठागरावर गेलो आणि विसरून गेलो. हिराजी विसरला नाही. मास्तरांनी त्याला नापास केलं, तेव्हापासून तो अख्ख्या दुनियेचा पेपर तपासतोय. चहा पास, साखर नापास. उड्डाणपूल नापास, त्याच्याखालची सावली पास. आता आमच्या डोक्यावरून विमान जातं. हिराजी मान वर करतो आणि म्हणतो, "आवाज नापास." माझ्या लग्नापर्यंत तो मला गण्या म्हणायचा. अक्षता पडल्या त्या मिनिटापासून "भावोजी, तुमी". मी म्हटलं, मेल्या, कालपर्यंत शिव्या देत होतास. तर म्हणतो, "काल तुमी पास नव्हते झाले."

ती जास्वंद माझ्या पोरीच्या लग्नासाठी होती. पण आधी ती देवाला पोचली. झालं असं, की तळमजल्यावरच्या लिमये काकू पहाटे उठून चष्म्याशिवाय फुलं तोडतात. त्यांनी हिराजीची जास्वंद तोडून गणपतीला वाहिली. दुसऱ्या दिवशी बघतात तर फूल ताजं. तिसऱ्या दिवशीही ताजं. काकूंनी शेजारपाजार गोळा केला. "देव प्रसन्न झाला हो!" बायका दर्शनाला आल्या. त्यांच्यामागे हिराजी आला, पायरीवर चपला काढून.

"काकू, त्ये फूल माझं हाय. शिवण दिसते बघा. परत द्या."

काकूंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हिराजी, देवाला वाहिलेलं परत मागतात का?"

"मंग पास का नापास, त्येवढं सांगा."

"अहो, देवाने ठेवून घेतलं. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

महिनाभर तो छाती काढून चालत होता.

हिराजीचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. लेडीज टेलर. आता बायका ब्लाऊज तयार घेतात, म्हणून फॉल-पिको जास्त. दुकानाच्या मागेच त्याची खोली. लग्न केलं नाही. मुली दाखवल्या आम्ही, नाही असं नाही. सगळ्या नापास. मथुरा म्हणायची, "तुला पास करणारी मिळाली नाय, त्ये सांग की."

मथुरेचे सगळे ब्लाऊज त्यानेच शिवले. भांडण झाल्याशिवाय एकही ब्लाऊज घरी आला नाही. भांडण दर वेळी तेच.

"दादा, कापड भरपूर दिलेलं. उरलेलं दे."

"काय उरलं नाय."

"एका ब्लाऊजात येवढं जातं?"

"आरशात बघ गो एकदा. काय उरलं नाय."

मथुरा अंगाने भरलेली होती. दारातून आत यायच्या आधी तिचा आवाज आत यायचा. घरी येऊन पिशवी आदळायची. "माझा भाव चोर हाय!" मी म्हणायचो, टेलर सगळेच चोर. आमची अश्विनी लहान असताना बाहुलीला चिंधी मागायला दुकानात जायची. तिलाही तेच उत्तर. एवढ्याशा पोरीला! मला तेव्हा राग यायचा. आपल्या भाचीच्या बाहुलीला नागडी ठेवणारा मामा मी दुसरा बघितला नाही.

एवढं असून दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला. मथुरा बोंबलाचं कालवण वाढायची, तो पहिला घास घेऊन डोळे मिटायचा, ती कमरेवर हात ठेवून उभी. "मीठ नापास," तो म्हणायचा. ती म्हणायची, "गिळ." मग तो दोनदा भात घ्यायचा.

गेल्या वर्षी मथुरा गेली. त्यानंतर रविवारी तो आला नाही. मीही बोलावलं नाही. कालवण कोण करणार होतं?

मग अश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा बेलपाड्याचा. वडीलधारी म्हणाली, वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. अश्विनी म्हणाली, "बाबा, करू. पण खरी फुलं नकोत. आई गेली तेव्हापासून झेंडूचा वास आला की मला मळमळतं. सगळी फुलं कापडाची करायची, घरी. मांडव, तोरणं, मुंडावळ्या, सगळं हाताने शिवायचं." मोबाइलवर तिने कसले कसले फोटो दाखवले. मी म्हटलं, बाई, हे माझ्या डोक्याच्या बाहेरचं. तुझ्या मामाला विचार.

दुसऱ्या दिवशी हिराजी पायमशीन टेम्पोत घालून आमच्या हॉलमध्ये हजर. माझी दिवाणाची जागा गेली.

तो अख्ख्या बिल्डिंगमध्ये जुनं कापड मागत फिरला. जिन्यात माणूस दिसला की आधी त्याचा शर्ट चाचपायचा. "हा कधी टाकणार?" माझ्या धोतराचा मोगरा झाला. कुणाच्या पडद्याची अबोली झाली. लिमये काका धावत वर आले. "अहो हिराजी, माझ्या लेंग्याचा चाफा केलात म्हणे?"

"धुतला हाय, काका. पास झाला."

भाताची पेज काढून त्यात कापड बुडवायचा, गच्चीवर वाळवायचा. कडक झालं की पाकळ्या कापायच्या आणि गरम चमच्याच्या पाठीने त्यांना बाक द्यायचा. माझे सगळे चमचे काळे केले. होणारा जावई एका रविवारी मदतीला आला. बिचाऱ्याने कात्री चालवली आणि सगळ्या पाकळ्या उलट्या कापल्या. "नापास," हिराजी म्हणाला. मग जरा थांबून, "पण बसू दे त्याला. पोरगा उठून गेला नाय."

घरातलं सगळं कापड त्याने मागितलं, एक कपाट सोडून. मथुरेचं. त्याच्यासमोरून जाताना तो मान खाली घालायचा. मीही ते उघडलं नव्हतं.

आता गोष्ट अडली ती कन्यादानावर. आमच्यात जोडप्याने बसतात. नवऱ्याच्या उपरण्याला बायकोच्या पदराची गाठ मारतात आणि मग मुलीचा हात द्यायचा. बायको नसेल तर? भटजी म्हणाले, "चालतं. शेजारच्या पाटावर पत्नीच्या जागी सुपारी ठेवू."

माझं डोकं फिरलं. "मथुरेच्या जागी सुपारी? तुम्ही बघितलेली का तिला? दोन पाट लागायचे!"

"अहो, शास्त्र आहे."

"असू दे. मी सुपारीशेजारी बसणार नाय."

मग ठरलं, माझा धाकटा भाऊ यशवंत आणि त्याची बायको बसतील. अश्विनी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी पाकळ्यांच्या ढिगात बसून म्हणाली, "बाबा, माझा हात तुम्हीच द्या. काकांनी नको." मी टीव्हीचा आवाज वाढवला. मलाही तेच पाहिजे होतं. पण त्या रिकाम्या पाटाकडे बघत तासभर बसायचं, हे मला जमणार नव्हतं. हिराजी मशीनवर होता. पाय थांबला, पुन्हा सुरू झाला.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये शिरलो आणि उभाच राहिलो. जिकडे तिकडे फुलं, आणि वास कसलाच नाही. फक्त इस्त्री केलेल्या कापडाचा. लोक फुलांना हात लावून बघत होते. लिमये काका पाहुण्यांना धरून धरून चाफा दाखवत होते.

मामा म्हणून अश्विनीला मांडवात आणायचं काम हिराजीचं. त्याने आणलं. कन्यादानाची वेळ आली, यशवंत धोतर सावरून पुढे झाला. तेवढ्यात हिराजीने त्याला कोपराने बाजूला केलं आणि माझ्यासमोर आला. पिशवीतून एक पांढरं उपरणं काढलं, माझ्या खांद्यावर टाकलं. त्याच्या टोकाला एक जास्वंद शिवलेली होती. पदराची गाठ मारतात ना, बरोबर त्या जागी. तळहाताएवढी. प्रत्येक पाकळी निराळ्या रंगाची.

मी म्हटलं, हे काय नवीन? मग पाकळी बोटात धरली.

मोरपंखी. अश्विनीच्या बारशाला मथुरेने घातला होता तो ब्लाऊज. दुसरी लाल, बारीक बुट्टीची. एकवीरेच्या पायऱ्या चढताना तो काखेत फाटला होता आणि वरपर्यंत ती भावाला शिव्या घालत गेली होती. जांभळी, गौरीची. हळदी रंगाची तर आमच्या लग्नातली. मधला तुरा कशाचा ते मला ओळखू येईना, कारण डोळ्यांपुढे काही दिसेना.

"चोर साला," मी म्हटलं. मोठ्याने. भटजी दचकले.

"पास का, भावोजी?" त्याने विचारलं.

मी पाटावर जाऊन बसलो. उपरण्याचं टोक शेजारच्या पाटावर पसरलं. भटजी सुपारी शोधायला लागले. हिराजी अश्विनीच्या मागून म्हणाला, "नको. बाई बसली हाय." भटजींनी एकदा फुलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मंत्र सुरू केले. पोरीचा हात मी दिला. माझ्याच हाताने.

पाठवणी झाली, हॉल रिकामा झाला. आम्ही दोघं शिडीवर चढून फुलं उतरवत होतो. तो एकेक फूल झटकून ट्रंकेत ठेवत होता.

मी म्हटलं, "रविवारी ये जेवायला. कालवण मी करीन."

"नापास होशील गण्या," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी गण्या. त्याच्याही लक्षात आलं नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, "सगळी कात्रणं त्या फुलात घातलीस?"

तो शिडीवरून खाली उतरला. सदऱ्याच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि परकराची एक जुनी चिंधी काढली, विटलेली, निळी. मथुरा परकर घालायची, तेव्हा आम्ही तिघंही शाळेत होतो. त्याने ती मला दाखवली, घडी केली, परत खिशात ठेवली आणि वरून खिसा थोपटला.

"थोडं उरलं हाय," तो म्हणाला.