हिरवं तिकीट आणि गोल शिक्का

साहेब, तुम्ही एका तिकिटाची अब्रू घेतलीत. नाव घेत नाही. तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. तिकीट प्रदर्शनाच्या निवड समितीत खुर्ची मिळाली म्हणून माणूस जाणकार होत नाही. चहात बिस्कीट बुडवत, भिंगाला हातही न लावता तुम्ही म्हणालात, "हे टपालाचं तिकीट नाही. लेबल आहे. लोणच्याच्या बरणीवर असतं तसलं." आणि मूल्याच्या रकान्यात लिहिलंत, शून्य.

समोर उभे होते इब्राहिम तांबोळी. राहणार भिंगार. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आणि उरलेला जन्म तिकिटांना दिलेले. त्यांच्या हातात ते हिरवं तिकीट होतं. मधोमध घंटेचा मनोरा, वर कॉलेजचं नाव, खाली 'कॉलेज टपाल, पाच पैसे'. साठएक वर्षांपूर्वी या कॉलेजचं वसतिगृह लांब माळावर होतं. पोरांची पत्रं गावात पोचवायला प्राचार्यांनी स्वतःचीच तिकिटं काढली, तीही लग्नपत्रिकावाल्याकडून छापून. टपाल खात्यानं डोळे वटारले, आणि सगळा गठ्ठा वसतिगृहाच्या बंबात गेला. एक तेवढं वाचलं, भूगोलाच्या पुस्तकात. ते पुस्तक रद्दीत सापडलं त्या दिवशी इब्राहिमसरांनी गल्लीत पेढे वाटले होते. लोकांना वाटलं, नातू झाला.

"लेबल कसं म्हणता साहेब?" सर म्हणाले.

"मग वापरलेलं दाखवा. पाकिटावरचं, शिक्का बसलेलं. नाहीतर कॉलेजचा दाखला आणा. शनिवारपर्यंत. नाहीतर तुमची चौकट रिकामी."

वापरलेलं कुठून आणणार? सर तडक कॉलेजात गेले.

ऑफिसात अश्विनी मॅडम होत्या. बाई वाईट नव्हत्या. फक्त नियमानं वागायच्या, जे कधीकधी वाईटाहून वाईट असतं.

"अर्ज करा सर. सोबत तुमचा पत्ता लिहिलेलं पाकीट. आणि तिकिटाचा नमुना."

"नमुना? अहो, एकच आहे!"

"मग एक जोडा. प्राचार्य बघितल्याशिवाय सही करणार नाहीत."

सरांनी तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, अर्जाला टाचणी न लावता, क्लिपनं अडकवलं. मुलगी सासरी पाठवताना त्यांनी एवढ्या सूचना दिल्या नव्हत्या. "हात लावायचा नाही. उन्हात ठेवायचं नाही. पंख्याखाली तर अजिबात नाही."

"जपून ठेवते," मॅडम म्हणाल्या. आणि त्या मनापासून म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी सर पुन्हा हजर.

"झालं तुमचं काम," मॅडम हसून म्हणाल्या. "उत्तर सकाळीच पाठवलं."

"आणि माझं तिकीट?"

"लावलं ना."

"लावलं? कुठं लावलं?"

"पाकिटावर. तुमच्या पाकिटाला तिकीटच नव्हतं सर. आणि प्राचार्यांचं बघून झाल्यावर पिशवीत एक सुटं उरलं होतं. लोक विसरतात लावायला, मग आम्हीच लावतो. डिंक वाळला होता, म्हणून आपला फेविकॉल लावला. चांगला घट्ट."

सरांनी टेबलावरची रिकामी पिशवी उचलून आत बघितलं.

"आणि वर गोल शिक्का मारला," मॅडम म्हणाल्या. "बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर मारायचाच असतो. तुमच्यावर जरा जोरात बसला."

"या अल्ला!" सर मटकन बाकावर बसले. "बाई, तुम्ही त्यावरचं कॉलेजचं नाव तरी वाचलं का?"

"सर, दिवसाला इतकी पाकिटं जातात. नावं वाचत बसलो तर पाठवायची कधी?"

पाकीट शिपाई गहिनीनाथनं नेलं होतं. गहिनीनाथ नागापूरला, एमआयडीसीत, समारंभाच्या खुर्च्या आणायला गेला होता. सरांनी फोन लावला. पलीकडे टेम्पो धडधडत होता.

"गहिनीनाथ, ते माझं पाकीट पोस्टात टाकलं का रे?"

"न्हाई चाचा! पोस्टात कशापायी? वर आपल्या कॉलेजचं तिकीट हुतं. म्हनलं, ह्ये तर आपलंच टपाल, आपुनच पोचवायचं. भिंगारवरनंच जायचं हुतं, दिलं घरी."

"घरी? कोणाकडे?"

"चाचींकडं. लई खूश झाल्या. म्हनल्या, तिकीट हाय न्हवं, भिजत घालते."

इथं खुर्शीदबींची बाजू सांगायला हवी. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि घरात आलेलं प्रत्येक पाकीट परातीत भिजत घालून तिकीट सुटं करायचं काम त्यांचं होतं. आधी त्या चिडायच्या. मग त्यांचा हात बसला. आता तर पिठाच्या आधी पाकीट भिजायचं.

सरांनी घरी फोन केला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. मग त्यांनी रिक्षा पकडली.

"हळू घेऊ का चाचा? घाबरल्यासारखे दिसता. दवाखान्यात जायचंय का?"

"भिंगार! आणि परातीच्या आधी पोचव!"

रिक्षावाल्याला काही कळलं नाही, पण त्यानं वेग घेतला.

सर घरात शिरले तेव्हा खुर्शीदबी मोरीत कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. समोर परात. परातीत पाकीट.

"भिजवलंस?"

"कशानं भिजवू? थुंकीनं?" खुर्शीदबी कडाडल्या. "सकाळपासून नळाला टिपूस नाही! प्यायचा हंडा तेवढा आहे, तो तुमच्या तिकिटावर ओतू का? फोन वाजलेला ऐकू आला, पण मी शेजारी पाणी मागायला गेले होते. त्यांच्याकडेही नाही. पाणी सोडणाऱ्याला बघते मी!"

नळ कोरडा ठेवणाऱ्याला जन्मात पहिल्यांदा कोणी दुवा दिली असेल तर ती इब्राहिमसरांनी, त्या मोरीत, चपला न काढता.

त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी उचललं. तिकीट फेविकॉलनं पक्कं बसलं होतं, आता ते मेलं तरी सुटणार नव्हतं. जांभळा शिक्का अर्धा मनोऱ्यावर, अर्धा पाकिटावर, आजच्या तारखेसह. सर बघत राहिले. मग हळूहळू त्यांची मान वर आली.

"खुर्शीद," ते म्हणाले, "हे कॉलेजनं लावलं. कॉलेजनं शिक्का मारला. कॉलेजच्या माणसानं पोचवलं."

"मग?"

"अगं, हे वापरलेलं तिकीट आहे! पाकिटावरचं! दुनियेत दुसरं नाही!"

"मग नाचा. पण आधी चपला काढा."

सरांनी चपला काढल्या, बाजूनं कात्री लावून पाकीट उघडलं, आत प्राचार्यांच्या सहीचं पत्र होतं. ते त्यांनी एकदा मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. मग भिंतीला टेकून इतके हसले की खुर्शीदबींनी प्यायच्या हंड्यातून पेलाभर पाणी आणून दिलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं. एक प्रत प्राचार्यांना, एक तुम्हाला, साहेब. शनिवारी प्रदर्शनाच्या दारात, तुमच्या टेबलावर, पाकिटाशेजारी त्यांनी ती ठेवली. या वेळी तुम्ही भिंग मागवलंत. चहा निवला. अजून तुम्ही वाचतच आहात म्हणतात. उत्तरात एवढंच होतं:

'महोदय, या कॉलेजनं असं तिकीट कधीही काढलेलं नाही आणि त्यावर एकही पत्र पोचवलेलं नाही, असं कळवणारं आपलं पत्र मिळालं. ते आपल्याच कॉलेजच्या तिकिटावर, आपल्याच शिक्क्यानं, आपल्याच शिपायाच्या हातून माझ्या घरी आलं. तरी लेखी कळवावं: ते आलं कसं?'